कूलर बंद नका करू

धंतोलीतल्या पॅथॉलॉजीत बारा वर्षं झाली.
सकाळी सात ते अकरा
उपाशीपोटी आलेल्यांच्या हातांत मी शीर शोधते.
कोणाची दोरीसारखी वर आलेली,
कोणाची आत, भिऊन बसलेली.

मार्चमध्ये एका पोराच्या हातावर
माझी सुई थरथरली.
पोरगं रडलं नाही. त्याची आई म्हणाली,
"मॅडम, तुम्हाला बरं नाही का?"
मी म्हटलं, "ऊन लागलं."
नागपुरात ऊन लागलं म्हटलं की
पुढचं कोणी विचारत नाही.

पहिला समुपदेशक रात्री दीडला मोबाइलवर सापडला,
हसऱ्या फोटोंच्या रांगेत,
लग्न जुळवायच्या साइटवर असतात तसा.
चार मिनिटांत त्यानं माझ्या दुखण्याचं नाव सांगितलं,
उरलेली एक्केचाळीस मिनिटं
त्या नावाशीच बोलत राहिला.

दुसरीच्या मागे पुस्तकांचं कपाट, एक कुंडी.
मी "काहून" म्हटलं की ती "का" म्हणायची,
अगदी प्रेमानं.
रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा, म्हणाली.
बर्डीवरून साठ रुपयांची वही आणली.
सध्या तिच्यात किराणा लिहिते.

शीर चुकली तर
त्याच जागी सुई फिरवत बसायची नसते.
बाहेर काढायची, कापूस दाबायचा,
दुसरा हात मागायचा.
आणि माणसं देतात दुसरा हात.
याचं मला अजून नवल वाटतं.

तिसऱ्यांदा फी भरली तेव्हा नवतपा लागला होता.
मानेवाड्याची गच्चीवरची खोली,
वाळ्याचे नवे ताटे लावलेला कूलर
विमान उतरल्यासारखा ओरडत होता.
दाराबाहेर घरमालकीणबाई
रात्री साडेआठला धापोडे गोळा करत होत्या,
एकेक, सावकाश, कान इकडे.

पडद्यावर हेमलता उईके, चंद्रपूर.
मागे नुसती भिंत, भिंतीला खिळा,
खिळ्याला काहीच नाही.
"कूलरचा आवाज येतो ना? बंद करते."
"नका करू," त्या म्हणाल्या,
"बाहेरच्यांना तोच ऐकू येऊ द्या. मी कान जवळ आणते."
खरंच आणला.
पडदाभर एक कान,
त्यात सोन्याची बारीक बाळी.

कानाशी बोलणं सोपं असायला पाहिजे.
मी बोलले नाही.
त्यांनी घाई केली नाही. मग विचारलं,
"एवढ्या मोठ्या कूलरमध्ये पाणी कोण भरतं?"
"मीच. आधी बाबा भरायचे."

म्हाताऱ्यांची शीर मिळत नसली
की आम्ही ओला गरम कपडा ठेवतो,
हात खाली सोडायला लावतो,
आणि गाव कोणतं, नातवंडं किती, असं विचारत राहतो.
सांगता सांगता ती आपणच वर येते.
ओळखली मी ती युक्ती.
ओळखूनही हात मागे घेतला नाही.

बाबांचं शेवटचं रक्त मीच काढलं होतं.
रिपोर्ट मीच आधी वाचला,
मीच पाकिटात घातला,
आणि घरी येऊन म्हटलं,
काही नाही, जरासा अशक्तपणा.
त्यांनी त्या दिवशी दोन वेळा जेवून घेतलं.

एवढंच सांगितलं. बाकी कूलर बोलत होता.
कान हलला नाही.
चूक की बरोबर, काही म्हटलं नाही त्यांनी.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"काय जेवले होते?"
वांग्याची भाजी. ज्वारीची भाकर. वरून ठेचा मागितला होता.
हे मला आठवतं, हे मला माहीत नव्हतं.

"पुढच्या बुधवारी याल?"
"काहून नाही," मी म्हटलं.
कोणी दुरुस्त केलं नाही.

फोन ठेवला. हात पाहिला, थरथरत होता तसाच.
कूलरचा पंप कोरडा वाजायला लागला होता.
उठून दोन बादल्या टाकल्या.