धावपट्टी

यादीत तीनच नावं. रेडिओनं ती
खोबऱ्याच्या भावाआधी वाचली.
आसेनाते, शंभर मीटर.
माझं नाव नव्हतं; दोन दशांश सेकंद
कुठे सांडले, कोण जाणे.

फुनाफुतीत दुसरं मैदान कुठलं?
विमान नसेल तेव्हा धावपट्टीवर धावायचं,
भोंगा वाजला की कुत्री, पोरं, आम्ही,
सगळे बाजूला.

तिचा ब्लेझर दोन मापं मोठा आला.
आईनं बाह्या दुमडून कच्चे टाके घातले:
"पुढच्या वेळी उसवू. लुसामाला होईल."
मी काही बोललो नाही.

आज भोंगा वाजला,
बाजूला मी एकटाच झालो.
ती आत, खिडकीशी.
विमानानं जिथून वेग घेतला
तिथेच आमची खडूची रेघ होती.
मी घड्याळ दाबलं, सवयीनं.
अजून थांबवलेलं नाही.