ठेव

पेपरात आलंय,
देशाचं सोनं लंडनच्या तळघरातून
विमानात बसून परत आलं.
चहा गार होईस्तोवर
मी टनांचे तोळे करत बसलो.
सवय. एकतीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये
नोटा मोजल्या, दुसऱ्यांच्या,
आणि रोज सुट्टी झाली की गेटवर
हात वर करून उभा राहिलो झडतीला.
झडती घेणारा बोडके आमच्याच गल्लीतला,
त्याच्या मुलीच्या लग्नात मी जिलबी वाढली.
तरी खिसे तो उलटे करायचाच.
मला कधी राग आला नाही.

सराफ बाजारात घर, खाली गोदा.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं
की गाद्या माळ्यावर,
छातीला लागलं की माणसं.
सोनं त्याच्याही आधी,
मारुतीचे गुडघे भिजायच्या आत,
स्टीलच्या डब्यात, वर चिवड्याचा थर देऊन
पळशाला, दशरथ गायधनीकडे.
पूर ओसरला. डबा तिथंच राहिला.
त्याचं कपाट लोखंडी, आमचं पत्र्याचं.
राहू दे, मित्र आहे.
सात वर्षं राहिला.

मग त्याच्या भाच्याचं नि माझ्या धाकट्याचं
एका प्लॉटवरून फाटलं, तारखा पडू लागल्या.
आमच्या दोघांत काहीच नव्हतं.
पण मंदा रात्री उठून बसायची:
भाऊजी सोन्यासारखे आहेत हो,
पण चावी त्यांच्या घरात,
आणि घरात ते एकटे नाहीत.

गेलो. मागितला.
त्यानं डबा आणला, आणि मागोमाग
शेजारच्या सोनाराचा काटा.
मोजून घे, म्हणाला.
चार पाटल्या. वज्रटीक.
नथीतला सुटा झालेला मोती
त्यानं कागदाच्या पुडीत जपून ठेवलेला.
चिवडासुद्धा होता, खवट.
गुंजभर कमी नाही.
निघताना त्यानं चहाला विचारलं नाही.
किंवा विचारलं असेल,
मी खाली वाकून चपला शोधत होतो.

त्या परदेशी तळघराच्या दाराशी
आपला कुणी बोडके असतो का?
दरवर्षी जाणारा, विटा मोजणारा,
आणि मोजून झाल्यावर
त्यांच्याच कपातून चहा पिणारा?
असला तर राहू दे की थोडं तिकडं.
पूर काय फक्त नदीलाच येतात?
नसला तर आणा बाबा.
पण आणून ठेवणार कुठं,
हेही एकदा मारुतीला विचारा.

काल गंगापूर धरणातून पाणी सोडलं.
घाटावर जाऊन बघून आलो,
घोट्यापर्यंत आलंय.
फोनमध्ये नंबर अजून आहे, ‘दशरथ पळसे’.
तीनदा काढला, तीनदा ठेवला.
चौथ्यांदा उचलला त्यानं,
म्हणाला, किती आलंय पाणी?

पिशवीत या वेळी मी आधी काटा टाकला.
मंदा काही बोलली नाही.
डब्यावर तिनं ताज्या चिवड्याचा थर दिला,
शेंगदाणे जास्त घालून,
दशरथला आवडतात तसे.