वळचण

शुक्रवारी सकाळी, रुवीत, लाँड्रीच्या वरच्या खोलीत
आम्ही सातजण जुन्या गोष्टींतले शब्द वेचतो.
पुस्तकाला पुठ्ठा नाही, पहिली अकरा पानं नाहीत,
त्यामुळे पहिल्या गोष्टीतली बाई
का रडतेय ते कुणालाच माहीत नाही;
आम्हाला तिचे शब्द तेवढे हवेत.

ओसरी. मी सांगते, घरापुढची बसायची जागा.
"म्हणजे पार्किंग?" रेणुका विचारते.
शिंकाळं. फळ्यावर काढून दाखवते : दोरी, मडकं, खाली मांजर.
मांजर बरं जमतं, म्हणून सगळे मांजरच उतरवून घेतात.
कातरवेळ.
इथे ती बांगेपुरती येते,
डोंगराच्या काळ्या दगडाला हात लावते
आणि रस्त्यावरचे दिवे लागले की निघून जाते.
हे मी सांगत नाही. लिहा म्हणते : संध्याकाळ.
अर्थ सांगताना मी थोडं खोटं बोलते,
दर शुक्रवारी.

मग पान एकोणचाळीस. वळचण.
"छपराची खालची कड," मी सुरू करते,
"आता इथे छपरं सपाट, तेव्हा असं समजा..."
एसीच्या नळीतून निळ्या पिंपात थेंब पडतोय,
त्याच्याकडे बोट करणार
तोच मागून साद परकार,
दोन महिन्यांत 'हजर'शिवाय ज्यानं तोंड उघडलेलं नाही :
"माहितेय, टीचर. खेडला कोंबड्या बसतात तिथं, पावसात.
भिजत नाहीत.
पण घरात पण नसतात."

शब्दकोशात इतकं लिहिलेलं नाही.

वाक्यात उपयोग करा.
चार वह्यांत चिमणी वळचणीला बसलीय,
एकीत कबूतर, तेही चिमणीकडे बघून.
सादच्या वहीत :
अब्बांचं काम सुटल्यापासून आम्ही मामूंच्या वळचणिला आहोत.

खालून इस्त्रीची वाफ फुसफुसते.
माझ्या पर्समध्ये माझं रेसिडेंट कार्ड,
नवऱ्याच्या नोकरीवर, मार्चपर्यंत.
वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण
पुढच्या आठवड्याच्या यादीत होती.
ती खोडली.

लाल पेन उघडून
त्याची वेलांटी तेवढी दीर्घ केली.
सवयीचा हात, दुसरं काय करणार.
मग बराच वेळ
बरोबरची खूण कुठे करावी ते सुचेना.