मोजमाप

बाहेरून बत्तीस फूट चार इंच.
आतून, भिंतींची जाडी धरून,
एकोणतीस फूट अकरा.
सिद्रामने टेप पुन्हा ताणला.
म्हणाला, मॅडम, घर खोटं बोलतंय.

खालून भुयारी रेल्वे जाणार, म्हणून
ठाकूरद्वारच्या मागल्या गल्लीतली तेवीस घरं
आम्ही भेगांसकट कागदावर उतरवून घेत होतो.
प्रत्येक भेगेला आकडा,
आकड्याशेजारी काचेची पट्टी,
पट्टी तडकली तर समजायचं, घर हललं.

हे सतरावं.
कमानीवर चुन्यात सन १८८६, मधोमध श्री,
आणि श्रीच्या दोन्ही बाजूंना एकेक देवदूत,
गुबगुबीत, कुरळ्या केसांचे.
डावीकडच्याच्या कपाळाला
पुढे कधीतरी कुणीतरी गंध लावलेलं, ऑइलपेंटचं.

नारायण धर्माजी गोरक्षकर,
सॉलिसिटरच्या पेढीतले हेडक्लार्क,
मलबार हिलवर साहेबाच्या व्हरांड्यात
एकदा अडीच तास बसून होते, कागदांवर सही हवी म्हणून.
त्या अडीच तासांत जे जे दिसलं
ते त्यांनी गिरगावात आणलं, असं पणतू मोहनराव सांगतात:
ग्लासगोचे बिडाचे खांब, पायथ्याशी कारखान्याचं नाव,
मौलमीनचं सागवान,
स्टॅफर्डशरच्या फरशा, ज्यांवर बसून पुढे चार पिढ्यांनी मासे खाल्ले,
रंगीत काचांचा अर्धचंद्र, दुपारी तीनला
जमिनीवर सांडणारा,
आणि फायरप्लेस.
मुंबईत.
धुराडं नव्हतंच. आत देव बसवले.
देवांना संगमरवरी कोनाडा मिळाला,
त्यांची काही तक्रार नव्हती.

पुढचा जिना साडेचार फूट रुंद.
कठड्यावर द्राक्षांचे घड. पायऱ्यांची झीज: नगण्य.

मग मी विचारलं, या दोन फूट पाच इंचांत काय आहे?
मोहनराव चष्मा पुसत राहिले.
पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.
म्हणाले, मागून या.

मागे गटाराचा बोळ.
पोटभिंतीआड, शिडीसारखा उभा, बिडाचा जिना.
दर मजल्याला गुडघ्याएवढं दार,
कडी बाहेरून.
टोपल्या, ते म्हणाले. फ्लश येईपर्यंत.
म्हणजे वडिलांच्या लग्नापर्यंत.
कोण यायचं?
बाई यायची.
नाव?
त्यांनी बांधकामाची वही आणून दिली, खरंच आणून दिली,
मोडीतून उतरवून घेतलेली, नीट कव्हर घातलेली.
देवदूत, नग दोन, रुपये अकरा.
द्राक्षांचे घड, करणार विठू भिवा सुतार, रुपये साडेसात.
शेवटच्या पानावर: मागली बाई, दरमहा सहा आणे,
दिवाळीला लुगडं, जुनं.

मी टॉर्च धरून वर गेले.
पायऱ्यांवर चौकड्यांची नक्षी होती,
उजवीकडे अजून टोचते.
डावीकडे सपाट.
अनवाणी पायांनी बीड झिजवायला
किती पहाटे लागतात, याचं गणित
आम्हाला शिकवलेलं नाही.
भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर,
चुना तुळतुळीत झालेला एक पट्टा, वरपासून खालपर्यंत.
एक हात डोक्यावरच्या टोपलीला,
तोल भिंतीला.
खांद्याची उंची मोजली. चार फूट एक.
माझाही तेवढाच आहे.

फॉर्ममध्ये 'सजावटीचे घटक' असा रकाना आहे,
तिथे देवदूत बसले, घड बसले, अर्धचंद्र बसला.
झिजेला रकाना नाही.
मी ती भेगांत लिहिली, क्रमांक एक्केचाळीस.
काच लावू? सिद्रामने विचारलं.
कुठे लावणार, मी म्हटलं.

एकोणतीस अकरा अधिक दोन पाच.
बेरीज जुळली.
सिद्राम टेप गुंडाळत पुढे उतरू लागला,
दिव्याची पेटी एका हाताने डोक्यावर धरलेली,
आणि दुसऱ्याच पायरीवर
त्याचा डावा खांदा भिंतीला लागला.
शर्टाला चुना लागत नव्हता.