अर्धा कप

तीन वर्षं तुला कागद देत आले, लेशेक:
गटाचा पत्ता, वार, वेळ.
खिशातच राहिले, धुण्यात लगदा झाला.

आज तुझ्यासमोरच फोन लावला.
बोगुमिल. गोदीतला क्रेनवाला,
अकरा वर्षं थेंब नाही.
"पाठवू नका," म्हणाला, "मीच येतो न्यायला."

आता तो दारात, टोपीवर बर्फ.
भिंतीवरच्या माझ्या पदव्यांकडे नाही,
तुझ्या हातांकडे बघतो.
"माझेही असेच थरथरायचे.
चहा अर्धाच कप घ्यायचा. सांडत नाही."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ग्दिन्याचा उतार निसरडा झालाय.
दोघं चालत निघालात
चर्चच्या तळघराकडे,
तो एक पाऊल पुढे, मग थांबून.

मंगळवारची तुझी वेळ
मी वहीत तशीच ठेवलीय.