परंतुक

कॅनबेरातला जुलै. बाहेर गवतावर कडक हिंव,
आत तिसऱ्या मजल्यावरचा हीटर, फक्त पायांपुरता,
आणि मी 'खोटं' या शब्दाची व्याख्या करत बसलेली.

चार रात्री गेल्या.
खोटं म्हणजे जे खरं नाही ते,
एवढ्यावर कायद्याचं भागत नाही.
वाजवीरीत्या पडताळता येईल असं,
गंभीर अपाय होण्याचा संभव असलेलं...
'संभव' की 'शक्यता'? ह्यूने विचारलं,
आणि आम्ही दोघं जेवायचं विसरलो.

मग परंतुक.
किती निरुपद्रवी दिसतो हा शब्द,
जणू 'परंतु'ला कुणी लाडाने क लावलाय.
या व्याख्येत पुढील मजकूर येणार नाही:
शासनाने अधिकृत केलेला;
व्यावसायिक वृत्तसंस्थांचा;
प्रामाणिक हेतूने केलेला विनोद.
अर्धविराम मी मन लावून दिले होते.

हॅलरन्स बेंड मी पाहिलेलं नाही.
कथिलाची खाण बंद होऊन चाळीस वर्षं झालेलं गाव,
एक बेकरी, एक पूल, पुलाखाली ओढा.
तिथे ऊना पायबस, वय एकाहत्तर,
शाळेत रसायन शिकवून निवृत्त,
नळाखाली पट्टी धरते, रंग बघते,
चष्मा पुसून दुसरी पट्टी धरते.
गावाच्या पानावर लिहिते:
पाण्यात शिसं आहे. उकळू नका.
उकळून ते जात नाही, उलट दाट होतं.

त्याच सकाळी पाणीमंडळाने लिहिलं होतं:
पाणी सुरक्षित आहे. खबरदारी म्हणून उकळून प्यावं.

एक वाक्य परंतुकाच्या आत, एक बाहेर.
बाहेरचं दुपारच्या चहाआधी काढून टाकलं.
कुणी दुष्ट नव्हतं, हे मला सांगायलाच हवं.
कंपनीला दंडाची धास्ती,
यंत्राच्या हातात एक माप,
आणि माप माझ्या हातचं.

पाच दिवस गाव उकळत राहिलं.
किटल्या शिट्या घालत होत्या.
फीबींच्या सुनेला सातवा महिना होता,
ती सगळ्यांत जास्त उकळायची.

ऊनाने दाद मागायचा अर्ज उघडला.
आपण शासन आहात का? नाही.
वृत्तसंस्था? नाही.
विद्यापीठाशी संलग्न? एके काळी, परीक्षेला बसण्यापुरती.
आपला मजकूर विनोद आहे का?

ती म्हणे बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत बसली.
मग तिने बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी तिच्या मांजराचा फोटो, नाकाला लाल गोळा:
'आमच्या नळाचं पाणी म्हणजे अमृत!
हिला पाजलं, तर ही शिशासारखी जड झाली,
उकळून पाजलं, तर उचलेना.
मंडळाचे आभार.'
हे मात्र कुणी काढलं नाही.
गाव हसलं. बेकरीवाला हसला, हसता हसता थांबला,
मागे जाऊन कणकेचं पाणी ओतून आला.
फीबींची सून हसली नाही.
तिने किटली उचलून शेडमध्ये ठेवली.

बाटल्यांचे ट्रक आले ते बाराव्या दिवशी.
मंडळाचा मजकूर रात्रीतून बदलला,
आणि आधीचा खोटा होता असं म्हणायची सोय नाही,
तो कधी व्याख्येतच नव्हता.

हे सगळं मला तिच्या पत्रातून कळलं.
नाव कुठून मिळालं कोण जाणे,
मसुदा करणाऱ्यांची नावं कायद्यावर नसतात.
पत्रात रागाचा एकही शब्द नाही,
फक्त एक दुरुस्ती: तिसऱ्या ओळीतला 'प्रामाणिक'
पेन्सिलीने उचलून पहिल्या ओळीत नेलेला,
शाळेच्या वहीत बाण काढतात तसा.

सोबत मुरंब्याची एक बरणी, पाण्याने भरलेली.
ह्यूने ती उजेडात धरली, म्हणाला, स्वच्छ तर आहे.
शिसं दिसत नाही, मी म्हटलं.
असं वाक्य मी पहिल्यांदाच
कलमाबाहेर, मोठ्याने उच्चारलं.

बरणी आता फायलींच्या कपाटावर आहे.
सफाईला येणारे तिला हात लावत नाहीत.
झाकणावर ऊनाच्या शिक्षकी अक्षरात चिठ्ठी:
'हा विनोद आहे. पिऊ नये.'