एक जानेवारीचं दूध

पावती आली. म्हैस, दोन लिटर नऊशे,
फॅट सहा पॉइंट आठ,
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटं.

हिंदूराव चौगल्यांनी कागद बल्बखाली धरला.
"वेळ बराबर हाय," म्हणाले, "साल तेवढं बघ."

बाहेर खरंच साडेपाच झालेले.
भोगावतीवरचं धुकं पत्र्यापर्यंत आलेलं,
रांगेत किटल्या, चरव्या,
आणि कुणाची तरी कोल्ड्रिंकची बाटली, झाकणाला फडकं.

मार्चमध्ये संस्थेनं नवा कॉम्प्युटर घेतला,
तळहाताएवढी डबी. स्वस्तात मिळाली.
तिच्या पोटात सेल नाही.
रात्री लाईट गेली की तिचा काळही जातो,
जागी झाली की ती शून्यापासून मोजते,
आणि तिचं शून्य आपल्याकडं
नेमकं धारेच्या वेळेला उजाडतं.

तशी ती डोळे उघडताच वेळ विचारते,
वायरीतून, लांबच्या कुठल्या घड्याळाला.
पण वायर अजून झोपेत.
राउटर टेकडीवरच्या टॉवरला हाका मारालाय,
टॉवर ओ देत नाही.
चाळीस सेकंद. थंडीत पन्नास.
तोवर विचारणारा विचारून मोकळा:
उत्तर नाही? बरं. अर्ध्या तासानं बघू.

काटा मात्र तयार.
काट्याला तारीख लागत नाही, दूध लागतं.

हे मला तेव्हा कळलं नाही.
कळलं दहा दिवसांची बिलं निघाली तेव्हा.
तीन सकाळी गायब,
सगळ्या गावाच्या.
बाळाबाई खराडे खिडकीशी उभी राहिली, ओरडली नाही.
"आठ लिटर माझं. खोटं वाटत असंल तर म्हशीला विचार."

त्या रात्री मी सत्तर साल उघडलं.
सगळे तिथंच होते.
ओळीनं, सभासद क्रमांकासकट,
सातशे बारा लिटर,
जेव्हा संस्था नव्हती, ही खोली नव्हती,
माझा बाप सहा वर्षांचा होता
आणि बाळाबाई कुणाच्याच पोटात नव्हती.
एकेक नोंद उचलून मी या वर्षात आणली.
अडीच वाजले. खरे अडीच.

शाहूपुरीतनं तौफिक शिकलगार आला, मोटरसायकलवर.
दोन चहा प्याला, एक ओळ लिहिली.
आधी नेटवर्क येऊ दे, मग वेळ विचार,
वेळ कळल्याबिगर काटा उघडू नको.
"बिघडलं काय नव्हतं ताई," म्हणाला,
"नुसता दम धरायला शिकवलं."
मग दारात थांबून: "सेलाचं घड्याळ येतंय बारकं,
दोनशे रुपय. बसवू?"
चेअरमन म्हणाले, पुढच्या मिटिंगला ठेवू.

तेव्हा आता रोज चाळीस सेकंद
पडद्यावर "थांबा" आणि आम्ही थांबतो.
मागचे पुढच्यांना ढकलत नाहीत.
कुणी किटलीवरची माशी हाकलतं.
किरण पोवाराचं पोरगं मोठ्यानं आकडे म्हणतं,
एकोणतीसनंतर चुकतं, सगळे हसतात.
मग राउटरचा दिवा हिरवा होतो.
बाळाबाईला वाचता येत नाही,
तरी ती तारखेवरून अंगठा फिरवते.

हिंदूरावांची ती पावती मी परत मागितली,
ऑडिटला लागेल म्हणून.
त्यांनी बंडीचा खिसा दाबून धरला.
"सत्तरला आमच्यात म्हस नव्हती पोरी.
आई पाटलाच्या दारात तांब्या घेऊन बसायची,
ताकासाठी.
राहू दे हे. ह्यात लिवलंय, होती."

रजिस्टरला मी शेरा मारला:
एक पावती गहाळ.
दोन लिटर नऊशे, फॅट सहा पॉइंट आठ.